घरातील वायफायचे वेळापत्रक

रात्री ठरावीक वेळी घरातील वायफाय आपोआप बंद व्हावे, अशी काही सोय असते काय, हा प्रश्न आपल्या सभासद कुटुंबांतील पालक अलीकडे वरचेवर विचारू लागले आहेत. सोय असते. बहुतेक घरांत ती यंत्रासोबत आलेलीच असते. कोणी ती उघडून पाहिलेली नसते, इतकेच. तथापि 'वायफाय बंद व्हावे' या शब्दांपाशीच आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. कारण हैदराबादेतील आजच्या मराठी घरात रात्री दहा वाजता सर्व घराचे वायफाय बंद करणे जवळजवळ अशक्य होऊन बसले आहे.

काचीगुडा, सुलतान बाजार, कोठी या भागांत वाढलेल्या पुष्कळ तरुण लेकीसुना व मुलगे आज माधापूर, गच्चीबावलीकडील कचेऱ्यांत नोकरीस आहेत आणि त्यांतील अनेकांचे काम अमेरिकेच्या घड्याळावर चालते. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा हिवाळ्यात न्यूयॉर्क शहरी सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. म्हणजे तिकडील कचेरीचा ऐन कामाचा प्रहर. त्याच वेळी घराच्या दारावरचा कॅमेरा चालू राहावयास हवा असतो, आणि आजीबाईंना परदेशी असलेल्या नातवाचे मुख पाहावयाचे असते ते त्याच्या सोयीने. अशा घरात नववीतील मुलगा रात्री एक वाजता पांघरुणाखाली चित्रफिती पाहत बसतो म्हणून राउटरची कळ दाबली, तर सुनेची नोकरी अडते, आजीबाईंचा नातू अंतरतो आणि दार आंधळे होते. म्हणून प्रश्न असा मांडावयास हवा : कोणत्या यंत्रास, कोणत्या वेळी, कोणासाठी? तो असा मांडला की उत्तर बरेच सुकर होते.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. इंटरनेट घरापर्यंत येते ते बहुधा काचेच्या तंतूच्या तारेतून. ती तार भिंतीजवळच्या पेटीत संपते. तेथून पुढे मोबाइल, टीव्ही, संगणक यांच्यापर्यंत जी बिनतारी वाट जाते, ती वायफायची. या पद्धतीचे पहिले मानक १९९७ साली ठरले आणि वायफाय हे नाव त्यानंतर, १९९९ साली रूढ करण्यात आले. राउटर हा या दोहोंमध्ये बसलेला द्वारपाल आहे. कोणास आत सोडावे व कोणास थांबवावे, हे तोच ठरवितो. म्हणून वेळापत्रक द्यावयाचे ते त्याच्याच हाती.

हा द्वारपाल माणसे ओळखत नाही, यंत्रे ओळखतो. प्रत्येक यंत्रास अक्षरे व अंक मिळून बारा चिन्हांचा एक पत्ता असतो. त्यास मॅक पत्ता म्हणतात. राउटरच्या पडद्यावर जोडलेल्या यंत्रांची जी यादी दिसते ती या पत्त्यांचीच असते. ती पाहण्यासाठी राउटरच्या तळाशी चिकटविलेल्या चिठ्ठीवरील क्रमांक संगणकाच्या वा मोबाइलच्या ब्राउझरमध्ये लिहावा, म्हणजे आतील पाने उघडतात. पुष्कळ कंपन्यांचे याकरिता स्वतंत्र ॲपही असते. ही यादी पहिल्याने पाहताना घरोघरी आश्चर्य होते. चार माणसांच्या घरात चौदा-पंधरा यंत्रे निघतात : फोन, जुने फोन, टीव्ही, कॅमेरा, बोलणारा स्पीकर, मोबाइलवरून चालणारा गीझरचा प्लग, आणि एखादे असे यंत्र की जे कोणाचे म्हणून कोणी कबूल करीत नाही. ते बहुधा शेजारच्या घरातील असते. पासवर्ड कधीतरी सणासुदीला पाहुण्यास सांगितलेला असतो आणि तो तेथून पुढे प्रवासास निघालेला असतो. तेव्हा वेळापत्रक करण्यापूर्वी पासवर्ड बदलणे व ज्याचे त्यास नाव देऊन यादी स्वच्छ करणे हे काम आधी उरकावे. एक रविवार दुपार पुरते.

येथे एक अडचण येते, जी पाच-सात वर्षांपूर्वीच्या माहितीपुस्तिकांत लिहिलेली नसते. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून, फोन वायफायला जोडताना आपला खरा पत्ता न सांगता एक बनावट पत्ता सांगतो. हेतू चांगला आहे. बाजारात, विमानतळावर फिरताना कोणी आपला माग काढू नये हा. परंतु घरात त्याचा परिणाम असा होतो की मुलाच्या फोनचा जो पत्ता आपण रात्री दहानंतर अडविला, तो पत्ता फोन बदलूही शकतो, आणि मग द्वारपालाच्या दृष्टीने तो नवा, निर्दोष पाहुणा ठरतो. यावर उपाय दोन. घरच्या वायफायपुरती ही खाजगी पत्त्याची सोय त्या फोनवर बंद ठेवावी, हा एक. दुसरा आम्हांस अधिक पसंत आहे. बहुतेक राउटर एकाच पेटीतून दोन निराळ्या नावांची वायफाय देऊ शकतात. दुसऱ्यास पाहुण्यांचे वायफाय म्हणतात. मुलांचे फोन, टॅबलेट व टीव्ही यांस हे दुसरे नाव द्यावे, त्याचा पासवर्ड निराळा ठेवावा, आणि वेळापत्रक त्या संपूर्ण नावासच लावावे. मग कोणाचा पत्ता काय याची चौकशीच उरत नाही. दहा वाजले की ते नावच विझते. सुनेचा संगणक, दारावरचा कॅमेरा, आजीबाईंचा फोन पहिल्या नावावर निर्धास्त राहतात. सर्वच राउटरांत दुसऱ्या नावास वेगळी वेळ देता येते असे नाही. आपल्या यंत्राच्या पानांवर ते पाहून घ्यावे.

कॅमेऱ्यासंबंधी आणखी एक. कॅमेरा, प्लग यांसारखी स्वस्त यंत्रे बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवरच चालतात. त्या लहरी भिंती ओलांडून दूर जातात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान खऱ्या, पण एकदोन भिंतींतच थकतात. जुन्या वस्तीतील दगडचुन्याच्या जाड भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांस हे निराळे सांगावयास नको. वेगासाठी २.४ ची लहर बंद करून टाकणारे गृहस्थ आठवडाभर कॅमेऱ्यास दोष देत बसतात.

आता घड्याळ. वेळापत्रक पाळणाऱ्या यंत्रास वेळ ठाऊक हवी, आणि घरगुती राउटरच्या पोटात बहुधा स्वतःचा सेल नसतो. वीज गेली की त्याचे घड्याळ पुसले जाते. वीज आल्यावर तो इंटरनेटवरून वेळ मागून घेतो. ही वेळ ग्रिनिचची असते आणि तीवरून स्थानिक वेळ काढण्यासाठी आपला देश कोणता हे त्यास सांगून ठेवावे लागते. भारताची वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. हे सांगावयाचे राहिले आणि यंत्र ग्रिनिचच्याच वेळेवर राहिले, तर आपण लिहिलेले रात्रीचे दहा हे प्रत्यक्षात पहाटेचे साडेतीन ठरतात. उलट यंत्र चीनच्या वेळेवर असेल, तर सायंकाळी साडेसातलाच मुलांचा अभ्यास मध्येच तुटतो. 'वेळापत्रक लावले पण चालत नाही' अशा तक्रारींत पहिल्याने पाहावे ते हेच. दुसरे असे की, काही राउटरांस रात्री दहा ते सकाळी सहा हा मध्यरात्र ओलांडणारा काळ एका ओळीत समजत नाही. तेथे दोन ओळी कराव्यात : दहा ते बारास एक मिनिट कमी, आणि बारा ते सहा.

राउटरच्या आतील पानांचाही एक पासवर्ड असतो व तो कारखान्यातून आलेला, तळाच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. तो तसाच ठेवणे म्हणजे कुलूप लावून किल्ली त्याच खिळ्यास टांगणे होय. नववीतील मुलास ती चिठ्ठी वाचता येते. तो बदलावा. राउटरच्या मागे टाचणीने दाबावयाचे एक छिद्र असते; ते दाबून धरल्यास सर्व रचना पुसली जाऊन यंत्र पहिल्यासारखे कोरे होते. परंतु त्यासरशी कित्येकदा घराचे इंटरनेटच बंद पडते, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसास बोलवावे लागते. हा गुन्हा लपून राहत नाही, एवढे समाधान.

येथवर वायफायचे झाले. पण वायफायचे दार लावल्यावर मुलाच्या फोनमधील सिमकार्डाचे दार उघडेच राहते, आणि आमच्या मते बहुतेक घरांतील वेळापत्रके येथेच फसतात. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यापासून आपल्या देशात मोबाइलवरील इंटरनेट अतिशय स्वस्त झाले. प्रीपेड योजनांत रोज दीड किंवा दोन गिगाबाइट मिळण्याची पद्धत रूढ झाली. हा दैनिक वाटा मध्यरात्री नव्याने सुरू होतो. म्हणजे दहा वाजता घराचे वायफाय विझविलेल्या मुलास बारा वाजता अस्पर्शित असा दीड गिगाबाइटचा नवा शिधा मिळतो! जागे राहण्यास याहून मोठे आमिष कोणते? यावर एक सोय अलीकडे झाली आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ च्या डिसेंबरात केलेल्या नियमानुसार कंपन्यांस केवळ बोलणे व संदेश यांपुरत्या, इंटरनेटविरहित योजना देणे भाग पडले व २०२५ च्या प्रारंभापासून त्या बाजारात आल्या. शाळकरी मुलाच्या फोनमध्ये अशी योजना घालावी. शिकवणीहून निघाल्याचा फोन त्यावरून येतोच. ज्यांस हे शक्य नाही त्यांनी गूगलचे फॅमिली लिंक किंवा आयफोनमधील स्क्रीन टाइम ही साधने वापरावीत. ती राउटरला नव्हे, प्रत्यक्ष फोनला वेळ बांधून देतात. त्यामुळे इंटरनेट कोणत्या वाटेने आले याचा प्रश्न राहत नाही.

आणि आधीच उतरवून ठेवलेल्या चित्रफिती? त्यांस कोणतेही दार अडवीत नाही. त्यांस उपाय एकच, तोही यंत्रातला नव्हे : रात्री फोन झोपण्याच्या खोलीत असू नये. याचा विचार करावयाचा तर महाराष्ट्रातील एका गावाकडे वळावे लागेल.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे, सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. शेतकरी आणि साखर कारखान्यातील कामगार यांचे गाव. टाळेबंदीच्या काळात शाळा घरात आली, फोन मुलांच्या हाती आले. आणि शाळा परत भरू लागल्यावर शिक्षकांस असे आढळले की मुले परतली पण त्यांचे चित्त परतले नाही. सरपंच विजय मोहिते यांनी गावासमोर कल्पना मांडली की रोज काही वेळ सर्वांनी टीव्ही व मोबाइल बंद ठेवावेत. पुरुष मंडळी प्रथम हसली. मग गावातील स्त्रियांस एकत्र करण्यात आले. त्यांनी मोकळेपणाने मान्य केले की मालिका पाहण्यात आपलाही वेळ फार जातो, आणि बंद ठेवावयाचे तर साऱ्या गावाने ठेवावे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून गावच्या देवळावरील भोंगा सायंकाळी सात वाजता वाजू लागला. त्यासरशी घरोघरी पडदे बंद, आणि साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, बोलावे. ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक यांनी प्रारंभी घरोघर फिरून लोकांस समजाविले.

या वृत्तान्ताकडे आम्ही ज्या कारणासाठी वाचकांचे लक्ष वेधतो ते भोंगा नव्हे. भोंगा फोन बंद करू शकत नाही. त्याच्या आवाजात राउटरइतकेही बळ नाही. बळ होते ते त्या बायकांच्या कबुलीत. सात वाजता आईने मालिका बंद केली, बापाने फोन ठेवला, म्हणून मुलाने ठेवला. आपल्या घरांत नेमके उलट चालते. मुलाचे वायफाय दहाला विझते आणि शेजारच्या खोलीत वडीलधाऱ्यांच्या हातातील उजेड साडेअकरापर्यंत दाराच्या फटीतून मुलास दिसत राहतो. मूल त्या फटीतून जे शिकते ते कोणत्याही राउटरने पुसता येत नाही.

केवळ लहानांवर लादलेल्या बंदीचे काय होते, याचा दाखला एका संपूर्ण देशाने दिला आहे. दक्षिण कोरियात २०११ च्या नोव्हेंबरात असा कायदा अमलात आला की १६ वर्षांखालील मुलांस मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत संगणकावरील ऑनलाइन खेळ खेळता येऊ नयेत. सर्व देशाचे वेळापत्रकच म्हणा ना. मुलांनी आईबापांचे ओळखक्रमांक वापरले. पुढे खेळच संगणकावरून मोबाइलवर गेले, ज्यांस कायदा लागू नव्हता. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तो रद्द करण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला, २०२२ च्या प्रारंभी तो संपला, आणि निवड कुटुंबावर सोपविण्यात आली. मुलाने बापाच्या नावावर खेळणे आणि आपल्या घरातील मुलाने ताईच्या वायफायचा पासवर्ड मिळविणे, यांत तत्त्वतः भेद नाही.

यावरून वेळापत्रक घालूच नये असा निष्कर्ष कोणी काढील तर तो आम्हांस मान्य नाही. दार लावणे आवश्यकच आहे. मध्यरात्री थकलेल्या बालमनास मोहाशी एकट्याने झुंजावयास सोडणे ही क्रूरता होय. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दिलेली मर्यादा अशी आहे : दोन वर्षांखालील बालकास पडदा मुळीच नको, दोन ते पाच वर्षांच्या मुलास मोठ्यांच्या देखत दिवसाकाठी फार तर एक तास, आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलास दोन तासांहून कमी. दहाच्या आतील मुलांसाठी राउटरमध्ये काही लिहीत बसण्यापेक्षा फोन आपल्या हाती ठेवणे सोपे. खरे वेळापत्रक लागते ते त्यापुढील वयास.

ते करताना आम्ही असे सुचवू. घरातील सर्वांनी एकत्र बसावे, आजीबाईंसह. प्रथम न चुकणारी कामे लिहावीत. शिक्षक गृहपाठ व्हॉट्सॲपवर रात्री आठ-नऊला पाठवितात. २०२० पासून पडलेली ही रीत अद्याप कित्येक शाळांत चालू आहे. तेव्हा सातला दार लावल्यास मूल उद्या शाळेत बोलणी खाईल. सुनेची कचेरी, कॅमेरा, औषधोपचाराचे एखादे यंत्र हे वेळापत्रकाबाहेर. मग एक वेळ अशी निवडावी की जेव्हा घरातील एकही पडदा चालू राहणार नाही; टीव्हीसुद्धा नाही. अर्धा तास निघाला तरी चालेल. नंतर रात्रीची वेळ, आणि ती मुलास विचारून. 'दहा की साडेदहा?' एवढ्या प्रश्नानेही मुलास वाटते की नियमात आपला हात आहे. आणि फोन रात्री कोठे राहतील ती जागा : दिवाणखान्यातील एक टेबल, एक चार्जर, सर्वांचे फोन. ज्यांची रात्रपाळी आहे त्यांनी ते मुलांस मोकळेपणाने सांगावे. काम कशाला म्हणतात हे मुलांस कळते, आणि काम संपल्यावर त्याच फोनवर क्रिकेट पाहिले जाते तेही कळते.

पाळतीसंबंधी आमचे मत स्पष्ट आहे. मुलाचे संदेश त्याच्या नकळत वाचणारी ॲप मिळतात; ती वापरू नयेत. काही राउटर कोणते स्थळ उघडले गेले याची नोंद ठेवतात; आपला तशी ठेवीत असेल, तर ती आम्ही पाहू शकतो, असे मुलास आधी सांगून ठेवावे. लपून पाहिलेल्या गोष्टीविषयी पुढे बोलता येत नाही, आणि ज्याविषयी बोलता येत नाही ते पाहून उपयोग तरी काय? पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीस रात्री एखाद्याचे त्रासदायक संदेश येऊ लागले, तर तिने ते आईपाशी येऊन सांगावे, ही वाट खुली राहणे हे दहाच्या वेळेपेक्षा अधिक मोलाचे आहे.

अपवादही आधीच लिहून ठेवावेत, नाहीतर प्रत्येक अपवाद भांडण होऊन येतो. दसऱ्याच्या सुटीत वेळ तासाभराने पुढे. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत मुलाने स्वतः मागितल्यास अलीकडे. प्रवेशाचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख असेल त्या रात्री दार उघडे. काही राउटरांत एका दिवसापुरती सूट देण्याची कळ असते, आणि ती घरातील निदान दोन वडील माणसांस दाबता यावी, कारण एकटा जाणता माणूस नेमका त्याच दिवशी गावी गेलेला असतो. वीज जाऊन आल्यावर घड्याळ एकदा पाहावे. दर जून महिन्यात, नवी इयत्ता सुरू झाली की कागद पुन्हा काढावा व सर्वांनी मिळून वेळा नव्याने लिहाव्यात. आठवीतील मुलाचा दहाचा आकडा अकरावीत त्यास तसाच लावून ठेवणे बरे नव्हे.